चंद्रभागेची पाठ

चंद्रभागेच्या पाठीवर एक डाग नाई. सरकारच्या मॅडमनं सोता चादर उचलून पाह्यलं, अन् आमच्या घराले चांगले मार्क देले. ते पाठ कोनं राखली हे मी सांगतलं, अन् तिथंच सत्यानाश झाला. गप बसली असती तर आज मी तिच्याजवळ असती. पन गप बसनं माह्या आईनं मले शिकवलंच नाई.

आमचं हे म्हाताऱ्याईचं घर म्हंजे आदिलाबादच्या बाहेर, जिनिंगच्या पलीकडची बिल्डिंग. इथं फकस्त खाटेवरचे मानसं ठेवतात. ज्याईचे हातपाय चालतात त्याईच्यासाठी हे घर चालवनाऱ्याईचंच दुसरं घर निर्मलले हाय. मी आली तवा माहा खुबा मोडेल होता. माहा पोरगा हर्षदीप हैदराबादले हापिसात क्लार्क, नवराबायको दोघंबी कामाले जातात, मंग माह्यं हागनं-मुतनं कोन काढन? म्हनून मी इथं. पुढं खुबा जुडला, मी चालाले लागली, तरी वार्डन सार काई बोलले नाई. काऊन बोलतीन? हॉलभर मानसं अन् आया म्हनून एकटी पोशक्का. मी फुकटात राबून राह्यली होती, ते त्याईले गोडच लागत होतं.

माह्या बाजूच्या खाटेवर चंद्रभागा. पैनगंगेकाठच्या मोठ्या कास्तकाराची बायको. लकव्यानं डावं आंग गेलं, त्या आंगाले चिमटा घेतला तरी तिले समजत नाई. असं मानूस एका कुशीवर पडून राह्यलं का पह्यले कातडी लाल होते, मंग काळी होते, मंग आत सडत जाते. माह्ये मालक शेवटी असेच खाटेवर होते. त्याईले पलटवून पलटवून मले सवय झालती.

ती इथं आली त्या पह्यल्या दिवशी कन्हत होती. मी जवळ गेली तं इचारते, "तुमी कोनाच्या वं?"

"जयभीमवाल्या," मी म्हनलं. "आता सांगा, हात लावू का नको?"

ती लय येळ पंख्याकडं पाहत राह्यली. मंग म्हने, "लावा बाई. पन माह्या सासूनं पाह्यलं असतं, तं तुमाले वसरीवरबी चढू देलं नसतं."

"मंग बलवा तुमच्या सासूले, थे पलटवन," मी म्हनलं.

ती हासली. लकव्यानं तोंड वाकडं, तरी हासली. तवापासून आमचं जमलं. 'तुमी' गेलं, 'तू' आलं. सकाळी उजव्या कुशीवर, मंग उताणी, मंग डाव्यावर, पन डाव्यावर मी तिले जास्त येळ कधीच ठेवत नोती. गुडघ्याईच्या मधात उशी, खालच्या चादरीची घडी सरळ, पाठीले खोबरेल. रातीबी मले आपसूक जाग येत होती. ती म्हने, "मालन, माह्या पोटच्यानं केलं नाई एवढं करून राह्यली तू." मी म्हनो, "तुह्या पोटच्यानं कापसाच्या भावाचं पाहावं, तुह्यं मी पाह्यते."

पन मले एक घोर लागून राह्यला होता. मी म्हातारी बाई. आज हाय, उद्या नाई. मी गेल्यावर हिच्याकडं कोन पाह्यन? पोशक्का बाई चांगली, पन एका बाईनं किती जनाले पलटवावं? दुसरी आया आली पाह्यजे, हे एकच माह्या डोस्क्यात होतं. वार्डन सारले म्हनलं तं थे म्हनत, "चूद्दाम, चूद्दाम." पाहू, पाहू. त्याईचं पाहनं काई संपत नोतं.

मंग खबर आली का सरकारकडून मॅडम येनार, घराची तपासनी करनार, मानसाईले कसं ठेवतात थे पाहून मार्क देनार. मले लय आनंद झाला. चंद्रभागा मातर घाबरली.

"मालन, मॅडम येतीन तवा तू खाटेवर पडून राह्य," ती म्हने. "पाय दुखते म्हन."

"काऊन? मी काय चोरी केली?"

"तुह्या पायाईवर कोनाची नजर पडाले नको. माह्यं आयक."

"मी खोटं बोलनार नाई," मी म्हनलं. "मी तुह्यासाठी आया मांगनार हाय."

शहानी होती ती. मी येडी.

मॅडम आल्या त्या दिवशी फिनाइलच्या वासानं डोळे चुरचुरत होते. खाटेखाटेवर नवी चादर, हातात एकेक केळं. मॅडम तरुण, तेलुगू बोलनाऱ्या, पन नजर चांगली. त्याईच्यासंगं वैभव नावाचा आपल्यातला पोरगा होता, हापिसातला. खाटेजवळ येऊन हळूच म्हने, "जयभीम आजी." माह्या पोटात उजेड पडला. म्हनलं, आता माह्यं म्हननं सरळ मॅडमच्या कानात जाईन.

मॅडमनं एकेकाची पाठ पाह्यली. चंद्रभागेजवळ आल्या, पोशक्काकडून तिले वळवून घेतलं, चादर उचलली, बोटानं दाबून पाह्यलं. सोनं पारखावं तसं पाह्यलं. मंग वार्डन सारकडं वळून म्हनल्या, "चाला बागुंदी." लय चांगलं हाय. सारनं हात जोडले, जसं काई त्याईनंच खोबरेल लावलं.

आंधळं दळते अन् कुत्रं पीठ खाते. माह्यं रगत उकळलं.

"वैभव बापू," मी म्हनलं, "तुह्या मॅडमले सांग. ही पाठ या घरानं नाई राखली, मी राखली. इथं एकच आया हाय. मी मेली तं आठ दिवसात ही बाई सडन. दुसरी आया द्या म्हना."

वैभवनं सगळं सांगतलं, एक अक्षर गाळलं नाई. वार्डन सार मधात तेलुगूत काईतरी बोलले. वैभव म्हने, "आजी, सार म्हनतात का तुमी म्हातारपनानं काईबी बोलता, काम सगळं स्टाफ करते."

"अस्सं? हातच्या काकनाले आरसा कायले?"

मी पदर खोचला. एक हात खांद्याखाली, एक मांडीखाली घातला, अन् चंद्रभागेले अशी वळवली का खाट कुरकुरलीबी नाई. चंद्रभागा माह्याकडं पाहून मान हलवत होती, नको, नको. मले वाटलं तिले दुखून राह्यलं.

मॅडम पाहतच राह्यल्या. मंग काईतरी इचारलं. वैभव हातातले कागद चाळाले लागला. मॅडमनं पुन्हा इचारलं, तवा तो खाली पाहून म्हने, "आजी, चालता येते का तुमाले, असं इचारून राह्यल्या. तुमी बसा ना. दमल्या असान."

पोरगं मले इशारा देऊन राह्यलं होतं, अन् मले समजला नाई. "दमते कायची?" मी म्हनलं. "पाहा म्हना." अन् काठी न घेता दारापतुर गेली अन् वापस आली. वरून कंबरेवर हात ठेवून उभी राह्यली. करायले गेली गनपती अन् झालं माकड, ते हेच.

कापूस निघून शेतं मोकळे झाले तवा वैभव एकटाच आला. माह्या खाटेवर टेकला, पन डोळ्याले डोळा देत नोता.

"आजी, घराले चांगले मार्क भेटले. फकस्त एक चूक काढली. चालतं-फिरतं मानूस इथं ठेवलं म्हनून. तुमाले निर्मलले हलवा म्हनतात. तुमची खाट दुसऱ्या कोनाले देनार."

"अन् आया?"

"मी लिहून देलतं, आजी. मॅडमनं इचारलं, जखम कुठं हाय? एकाच्याबी पाठीले जखम नसन तं आया कमी हाय असं कसं म्हनावं? वर कसं पाठवावं?"

"म्हंजे मी हिले सडू द्यायले पाह्यजे होती," मी म्हनलं. "मंग आया आली असती."

आपलंच पोरगं, त्याले काय बोलावं? तरी बोलली. नाई नाई थे बोलली. तो आयकत बसला अन् मंग गेला.

मी हातपाय कमी नाई मारले. खुबा दुखते म्हनून अंथरून धरलं. डाक्टर आला, पाय इकडं तिकडं फिरवून पाह्यला, म्हने ठनठनीत हाय. हर्षदीपले फोन केला. तो म्हने, "आई, निर्मलचं घर चांगलं हाय, बाग हाय, टीव्ही हाय. लोकाईचं कायले आंगावर वढून घेतं तू?" चंद्रभागेले तिच्या पोराले फोन लावाले लावला, तो म्हने, घराले मार्क चांगले भेटले नं, मंग भेव कायचं? मार्कानं सगळ्याईचे तोंडं बंद झाले. वार्डन सारच्या पाया पडली मी. ही मालन पाया पडली. थेबी खाली मान घालून म्हने, "ऑर्डर हाय अम्मा." त्याईले फुकटचा हात जाऊन राह्यला होता, त्याईलेबी वाईटच वाटत असन.

पोशक्काले सगळं शिकवलं. तिनं आयकलं, डोळ्याले पदर लावला, अन् खरं तेच बोलली. "अव्वा, जमन तवा करन. पन जमन कवा?"

गाडी दारात आली तवा जेवनं व्हायचे होते. चंद्रभागा माह्यावर रागं नाई भरली, 'मी सांगतलं होतं' असं एकदाबी म्हनली नाई. म्हनली असती तं बरं वाटलं असतं. मी शेवटचं खोबरेल लावलं. पाठ अशी साफ, का पाहून मले रडू फुटलं.

"कोन्त्या कुशीवर ठेवू?" मी इचारलं.

रोज ती म्हने, तुले वाटन त्या. आज तिनं इचार केला.

"डाव्या," ती म्हने.

"येडी झाली का? डाव्यावर तुले काईच समजत नाई. तेच आंग पह्यले सडन."

"म्हनूनच म्हनते," ती म्हने. "सडन, पन मले दुखनार नाई. उजव्यावर ठेवशीन तं सगळं समजत राह्यन."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मी तिच्या गुडघ्याईच्या मधात उशी ठेवली, खालच्या चादरीची घडी सरळ केली. मंग एक हात खांद्याखाली घातला, एक मांडीखाली, अन् तिले डाव्या कुशीवर ठेवून गाडीत जाऊन बसली.