ऑफिशियस

घरात इंग्रजी म्हटलं की थोरल्या सुनेचं नाव निघायचं. शब्दकोशही तिचाच, कॉलेजात बक्षीस मिळालेला. धाकटी सून आली, तिने मोठ्या हॉटेलात रिसेप्शनच्या नोकरीसाठी तयारी सुरू केली आणि सगळं फिरलं. रोज नवे अवघड शब्द, त्यांचे अर्थ. सासरे चहा घेता घेता विचारायचे, "आज काय नवीन?" धाकटी धडाधड सांगायची. "काय पोरगी आहे!" ते थोरलीकडे बघून म्हणायचे. थोरली शिलाई मशीनवर पडद्याची पट्टी मारत असायची. सुई बोटात शिरल्यासारखं व्हायचं.

त्यातून अर्थ वाचून दाखवायचं काम तिच्याकडेच. धाकटी इस्त्री करायची आणि म्हणायची, "वहिनी, तुमच्या तोंडून ऐकलं की लगेच पाठ होतं."

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी धाकटीने विचारलं, "ऑफिशियस म्हणजे?"

थोरलीने पान काढलं. नको तिथे नाक खुपसून हुकूम सोडणारा, असा अर्थ होता. मघाशीच सासरे म्हणाले होते, "हिला नोकरी लागली की घराचं नाव होईल." जसं काही आजवर घराला नावच नव्हतं.

"ऑफिसच्या कामात चोख," थोरली म्हणाली आणि कोश मिटला.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडून एक शिवण धड झाली नाही. दुपारी धाकटी तोंडभर हसत आली. "बाबा, लागली नोकरी!"

सासऱ्यांनी शेजाऱ्यांना हाक मारून सांगितलं. थोरली पाणी आणायला आत गेली. मागोमाग धाकटी आली.

"मी स्वतःला ऑफिशियस म्हणाले. सगळे हसले. मॅनेजरबाईंनी अर्थ विचारला, मी तुम्ही सांगितलेला सांगितला. त्यांनी खरा सांगितला. मग मीही हसले. त्या म्हणाल्या, चूक झाल्यावर हसता येणारं माणूसच काउंटरवर हवं." ती थांबली. "वहिनी, चूक कोशातली होती?"

"नाही." थोरलीने भरलेला ग्लास ओट्यावर ठेवला. "माझी. मुद्दाम केली."

धाकटी पाण्याचा ग्लास स्वतःच उचलून बाहेर गेली.

त्यानंतर ती एकटीच वाचायला लागली. सासऱ्यांच्या ते लक्षात आलं. "काय गं, वहिनीकडून नाही शिकत?"

थोरलीचा पाय मशीनवर थबकला.

"त्यांना शिवणाची ऑर्डर आहे बाबा, कशाला त्रास?" धाकटी म्हणाली.

"बघ, किती समजूतदार!" सासरे थोरलीला म्हणाले.

थोरलीने मान डोलावली. धाकटीने भांडण केलं असतं, सगळ्यांपुढे तोंडघशी पाडलं असतं, तर बरं झालं असतं. आता मोठेपणाही तिच्याच पदरात गेला होता, आणि थोरलीच्या पोटात पुन्हा तेच, आधीपेक्षा जास्त, जळायला लागलं.