ठोकळ्यावरची धूळ

मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. मित्रांनो, एवढ्यातच तोंड वाकडं करू नका. मलाही आगगाडीचं इंजिन नाहीतर शर्यतीचा घोडा व्हायला आवडलं असतं. पण वेंडेल क्रिबलने चेरीच्या लाकडाचा उरलेला तुकडा उचलला, त्याला ओळीने भोकं पाडली, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि मला तळघरातल्या बाकावर ठेवलं. विचारतंय कोण लाकडाला?

आमचं गाव पेन्सिल्व्हेनियात, नदीच्या वळणावर. वेंडेल तिथल्या ओतशाळेत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, लाकडी साचे करायचा. ओतशाळा बंद पडली तेव्हा हत्यारं घेऊन तो घरी आला, आणि त्या हत्यारांचं पहिलं काम म्हणजे मी. माझी सगळी भोकं एका खोलीची आहेत. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढे त्याचा संबंध आहे.

वेंडेल पिस्तुलाची काडतुसं घरीच भरायचा. आमच्याकडे निम्मं गाव भरतं. झाडलेली पितळी पुंगळी फेकायची नाही. ती धुवायची, दाबयंत्रात घालून मापावर आणायची, बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टिकली बसवायची, आत बंदुकीची दारू मोजून ओतायची आणि वर शिशाची गोळी दाबायची. बटाटेवडे करण्याइतकं सोपं वाटलं ना? सोपं वाटतं म्हणूनच माणसं बोटं गमावतात.

माझं काम इतकंच. रिकाम्या पुंगळ्या माझ्यात तोंड खाली करून उभ्या राहायच्या. वेंडेल एक उचलायचा, दारू ओतायचा आणि तोंड वर करून परत ठेवायचा. म्हणजे कुठली भरली आणि कुठली राहिली, हे आंधळ्यालाही कळावं. सगळ्या भरल्या की तो हातातला दिवा माझ्यावर धरायचा आणि वाकून प्रत्येकीत डोकावायचा. भोकं एका खोलीची, त्यामुळे दारूची पातळी एक दिसली पाहिजे. एखादीत जास्त दिसली, कमी दिसली, की ती सरळ ओतून द्यायची. त्याच्या रिव्हॉल्व्हरची पुंगळी उंच आणि दारू चिमूटभर. दुप्पट दारू पडली तरी वरून गोळी नीट बसते आणि बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून डोकावायचं. तो कधी चुकला नाही आणि मीही नाही.

तेव्हा मला मान होता. नेमबाजी क्लबातला कुणीही नवखा असला की ऑगी पेट्रोस्की त्याला आमच्या तळघरात पाठवायचा. ऑगी क्लबाचा अध्यक्ष. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. तो स्वतःही इथेच शिकला आणि सगळ्यांत जास्त चुकाही त्यानेच केल्या. गोळी सहज बसावी म्हणून त्याने पुंगळ्यांची तोंडं इतकी फाकवली की दोनचारदा वापरल्यावर त्या चिरल्या.

"ऑगी, तुतारी वाजवायचीय का तुला?" वेंडेल म्हणाला. "गोळीची कड टेकेल इतकंच फाकव."

"माझा हात जड आहे रे."

"हात नाही, बुद्धी जड आहे. यंत्राचा आटा थोडा वर घे."

मग ऑगीच्या टिकल्या वर राहिल्या आणि रिव्हॉल्व्हरचं चक्र फिरेना. वेंडेलने त्याला प्रत्येक बुडावरून बोट फिरवायला लावलं. बोटाला अडलं तर टिकली वर आहे, ते काडतूस बाजूला. बिघडलेलं काडतूस ठोकून उघडायचा एक पोकळ हातोडा असतो. ऑगी तो लपवूनच वापरायचा, जणू चोरी करतोय. वेंडेल म्हणायचा, "लाज हातोड्याची वाटू देऊ नकोस. आपलं बिघडलेलं दुसऱ्याच्या हातात गेलं, तर लाज वाटू दे."

त्याचे नियम थोडे होते, पण पोलादाचे. बाकावर दारूचा एकच डबा. दुसरा उघडायचा तर पहिला आधी फडताळात. कुठली दारू ते आठवेना, तर ती टोमॅटोच्या वाफ्यात. भरताना रेडिओ बंद आणि तोंडही बंद. मध्ये कुणी हाक मारली तर सगळ्या पुंगळ्या ओतून पहिल्यापासून सुरुवात. आणि दुसऱ्याने भरलेलं काडतूस कधी झाडायचं नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. हा शेवटचा नियम आमच्या सगळ्याच गावाचा. ऑगी सांगायचा, "दुसऱ्याचा दात घासायचा ब्रश आणि दुसऱ्याचं काडतूस, दोन्हींपासून लांब राहा."

मग घरात जावई आला. ड्वाइट त्याचं नाव. वेंडेलची एकुलती एक लोरेटा, तिचा नवरा. माणूस वाईट होता असं म्हणायलाही जागा नाही, त्याचाच मला जास्त राग येतो. हसतमुख होता, बर्फ पडलं की न सांगता पायऱ्या साफ करायचा. पण दम म्हणून नव्हता. त्याने बाकाच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचं नवं यंत्र बसवलं. त्याच्या पाट्यावर चार पुंगळ्या एकदम उभ्या. दांडा ओढला की एक मापावर यायची, एकीत टिकली, एकीत दारू, एकीत गोळी. मग पाटा हाताने पुढे फिरवायचा आणि पुन्हा दांडा.

"बाबा, तुमचा ठोकळा भरेपर्यंत माझी पेटी भरते," तो म्हणायचा.

"आत बघतोस का पण?"

"यंत्र बघतं की."

"यंत्राला डोळे कुठे असतात ते दाखव मला."

ड्वाइट हसला. मी बाकावरून फळीवर गेलो.

आता खरं दुखणं सांगतो. वेंडेलचा उजवा हात कापायला लागला. दारू पुंगळीत कमी आणि बाकावर जास्त सांडायची. त्याने कुणाला सांगितलं नाही. तो खाली यायचा, माझ्यासमोर बसायचा, कॉफी प्यायचा आणि वर जायचा. लोरेटाला वाटायचं बाबा भरतायत. क्लबालाही तेच वाटायचं. तो जुना साठा झाडत राहिला आणि माझ्यावर धूळ बसत राहिली. अहो, थरथर सांगितली असती तर कुणी खाल्लं असतं का त्याला? पण नवख्यांना शिकवण्याचं काम जाईल ही त्याला भीती होती. ओतशाळा गेल्यावर माणसाकडे तेवढंच उरलं होतं.

हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडायच्या आधी क्लबाची मोठी स्पर्धा असते. वेंडेलचा साठा नेमका तेव्हाच संपला.

रविवारची दुपार होती. ड्वाइट यंत्रावर बसला होता आणि रेडिओवर फुटबॉलचा सामना चालू होता. दांडा खाली आला आणि टिकली अडकली. त्याने ती चिमट्याने काढली. तेवढ्यात रेडिओवर आरडाओरडा झाला, तो वळला, ऐकलं, मांडीवर थाप मारली आणि पुन्हा दांडा ओढला. पाटा फिरवायचा राहिला. त्याच पुंगळीत दारू दुसऱ्यांदा पडली. मी फळीवरून पाहत होतो. मला तोंड असतं तर ओरडलो असतो. माझ्याकडे भोकं आहेत, तोंड नाही.

वेंडेल जिना उतरून आला तेव्हा ड्वाइटने पेटी पुढे केली.

"घ्या बाबा. स्पर्धेला. मला दिसतं हो, तुमचा हात. लोरेटाला नाही सांगितलं मी."

वेंडेलने पेटीचं झाकण उघडलं. "दिवा धरून बघितलीस?"

"हो."

"सगळी?"

"हो बाबा. तुमच्या ठोकळ्यात ठेवून."

मित्रांनो, मी फळीवर होतो. धुळीत. वेंडेलने मान वर केली असती तरी पुरलं असतं. पण जावयाने प्रेमाने दिलेलं, आणि गुपित राखलेलं. त्याला खोटं कसं पाडायचं? वेंडेलने पेटी खिशात घातली. आयुष्यभराचा नियम त्याने भिडेपोटी मोडला. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते खोटं नाही.

स्पर्धेत रिव्हॉल्व्हर त्याच्या हातात फुटलं. अंगठा गेला, पहिलं बोट गेलं. गालात पोलादाचा तुकडा घुसला. हे मला नंतर कळलं, वरच्या खोलीतले आवाज खाली येतात. ऑगी भेटायला आला होता.

"वेंडेल, कुणी भरली होती रे ती?"

ड्वाइट तिथेच होता. त्याचा आवाज मी ओळखतो, आणि तो आला नाही. मी वाट पाहिली.

"मीच," वेंडेल म्हणाला. "हात कापतो माझा हल्ली."

"मग सांगायचं नाही का गाढवा," ऑगी म्हणाला, आणि रडला. एवढा मोठा माणूस, मोठ्याने रडला. पुढच्याच आठवड्यात क्लबाने ठरवलं की वेंडेलने आता नवख्यांना शिकवू नये. चोर सोडून संन्याशाला फाशी. ठराव ऑगीनेच मांडला, आणि त्याला माहीत होतं तेवढ्यावर तो चुकीचा नव्हता, हेच कडू आहे.

लोरेटा खाली आली ती आवराआवर करायला. फळी पुसायला तिने फडकं वर नेलं आणि तिचा हात थांबला. तिने मला पाहिलं. भोकांत कोळ्याची जाळी, पाठीवर धुळीचा थर. ती या बाकाशी वाढलेली पोर. बाबा ठोकळ्याशिवाय एक काडतूस भरणार नाहीत, हे तिला माहीत होतं. मग नव्या यंत्राकडे तिची नजर गेली.

तिने मला दोन्ही हातांनी उचललं, दुधाचं भरलेलं भांडं हिंदकळू नये तसं, आणि धूळ न हलवता जिना चढून जेवणाच्या टेबलावर आणून ठेवलं. ड्वाइट कोबीच्या पानातला खिमा खात होता. समोर वेंडेल डाव्या हाताने चमच्याशी झटत होता.

"यावर धूळ कशी?" लोरेटाने विचारलं. नवऱ्याला विचारलं.

ड्वाइटने काटा खाली ठेवला. तो पांढरा पडला. मित्रांनो, उभ्या आयुष्यात मला काही सांगायचं होतं ते एवढंच, आणि ते माझ्या अंगावर लिहिलेलं होतं. मला वाटलं, आता न्याय होणार.

वेंडेलने मला स्वतःकडे ओढलं. डाव्या हाताची बाही पुढे घेतली आणि मला पुसलं. या कडेपासून त्या कडेपर्यंत, सावकाश. भोकांत फुंकर मारली.

"लाकूड आहे," तो म्हणाला. "दवाखान्यात होतो ना मी. धूळ बसायचीच."

"बाबा, एवढी?"

"तुला याच घरात राहायचंय याच्याबरोबर, लोरेटा. जेव."

ती जेवली नाही. तिने मला उचललं आणि परत फळीवर नेऊन ठेवलं.

आज मी क्लबाच्या सभागृहात असतो. गुरुवारी नवखे येतात, त्यांना ड्वाइट शिकवतो. बरं शिकवतो, खोटं का बोलू. रेडिओ बंद ठेवायला सांगतो, एकच डबा ठेवायला सांगतो, बुडावरून बोट फिरवायला लावतो. मग मला वर उचलतो आणि म्हणतो, "हा वापरा. प्रत्येकीत वाकून बघा. नाहीतर माझ्या सासऱ्यासारखं होईल." सगळे मागे वळून बघतात. मागच्या रांगेत वेंडेल बसलेला असतो, डाव्या हातात कॉफीचा पेला. तो मान डोलावतो.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा असं माझ्यासारख्यांनी शेवटी सांगायचं असतं. माझी निगा उत्तम आहे. रोज तेल लावतात मला, धुळीचा कण नाही अंगावर. माझी विनवणी निराळी आहे. कुणी तुम्हाला विचारलं, "बघितलंस का?" तर 'हो' म्हणण्याआधी खरंच वाकून बघा. बघायचं राहिलं असेल तर 'नाही' म्हणा. ड्वाइटला ते तेव्हा म्हणता आलं नाही. अजूनही दर गुरुवारी, मला हातात धरून, त्याला ते म्हणता येत नाही.