मल्हारराव रडत नव्हते

मित्रांनो, मी मल्हाररावांच्या उजव्या डोळ्याची जुनी अश्रुनलिका आहे. सुरुवातीलाच ठणकावून सांगते, ते रडत नव्हते.

डोळ्यातलं पाणी गुपचूप नाकात उतरवायचं, हे माझं जन्मापासूनचं काम. बोम्मसंद्राच्या कारखान्यात त्यांच्या डोळ्यात जाणारी धूळही त्याच पाण्याबरोबर वाहून नेली. कौतुक कुणी केलं नाही. तुंबत नाही त्या मोरीचं कौतुक कोण करतं?

पुढे त्यांना काचबिंदू झाला आणि औषधाचे थेंब सुरू झाले. थेंबांनी त्यांची नजर राखली, हे मला मान्य आहे. पण उरलेलं औषध वर्षानुवर्षं माझ्यातूनच जायचं. माझं अस्तर सुजलं, मी अरुंद होत गेले आणि शेवटी बंद पडले. पाणी गालावरून वाहू लागलं.

बायको जाऊन काही महिनेच झाले होते, त्यामुळे सगळ्यांनी आपापला अर्थ लावला. शेजारच्या कावेरीअक्का रोज फाटकाशी थांबून "अळबेडी, अण्णा", रडू नका, असं कानडीत म्हणत त्यांची समजूत घालायच्या. मुलगी ऋचा इंदिरानगरहून आली ती थेट त्यांची बॅग भरायलाच. बाबा एकटे रडत बसतात, आता राजाजीनगरचं घर बंद करायचं, असं तिनं ठरवून टाकलं.

"मी रडत नाहीये. आणि हे घर सोडणार नाही," मल्हारराव म्हणाले. नेमकं तेव्हाच पाणी ओघळलं. मला स्वतःचाच संताप आला.

डोळ्यात रोज जातात ते फक्त थेंब, त्यांच्यामुळेच हे होत असेल तर थेंबच नकोत, असं म्हणत ते तावातावानं डॉक्टरांकडे गेले. मागोमाग ऋचाही गेली. डॉक्टरबाईंनी बारीक सुईनं माझ्यात पाणी सोडलं. ते घशात न उतरता डोळ्यातूनच परत आलं. अश्रुनलिका बंद आहे, बरीच वर्षं थेंब घातल्यानं असं होऊ शकतं, असं त्यांनी सांगितलं.

"पण थेंब सोडायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "पाण्याला नवी वाट काढता येते. गेलेली नजर परत आणता येत नाही."

घरी आल्यावर ऋचानं बॅग रिकामी केली. ऑपरेशन झालं, माझ्या शेजारून थेट नाकात नवी वाट निघाली. मी बिनकामाची झाले, पण मान खाली घालणार नाही. मी शेवटपर्यंत राबले आहे.

म्हणून मित्रांनो, कुणाचा डोळा सारखा पाणावत असेल तर धीर देत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. औषध आपल्या मनानं थांबवू नका. आणि माणूस रडत नाहीये म्हणाला, तर आधी त्याचं ऐका.

परवा बायकोचं वर्षश्राद्ध झालं. पानं वाढताना मल्हारराव एकदम थांबले. गाल कोरडा होता, पण ते सारखं नाक ओढत होते.

"सर्दी झालीय," ते म्हणाले.

या खेपेला मी काही ठणकावून सांगणार नाही.