हद्दीखालचे चार आणे

एक-दोन रुपयांची नाणी बंद करावीत की ठेवावीत, यावर निरवांगीच्या चहाच्या टपरीवर रोज सकाळी दोन तट पडतात. मी ठेवावीत या बाजूचा. दुकानदार सुट्ट्या रुपयाऐवजी हातावर चॉकलेट टेकवतो तेव्हा माझं डोकं फिरतं, हे एक कारण. पण खरं कारण आमच्या भावकीतलं आहे. आमच्यात वाटणी झाली की हद्दीच्या दगडाखाली कोळसा घालून एक चालू नाणं पुरतात. दोन्ही भाऊ हजर, पंच हजर, आणि नाणं त्या वर्षी बाजारात चालणारं. पुढे भांडण लागलं तर दगड उचलायचा आणि नाणं बघायचं. माणूस खोटं बोलेल, कागदाला वाळवी लागेल, पण नाण्यावरचं साल कुठं जातंय?

"नाणीच राह्यली न्हाईत तर पुरायचं काय, मोबाईल?" असं मी विचारलं की टपरीवरची पोरं फिदीफिदी हसतात. हसू देत.

आमची वाटणी बहात्तरच्या दुष्काळात झाली. मी सहा वर्षांचा होतो. वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, कमळाचं पितळी वीस पैशांचं नाणं माझ्या हातात दिलं आणि खड्ड्यात टाक म्हणाले. वीस पैशांत तेव्हा लिमलेटच्या गोळ्यांनी खिसा भरायचा. मी मूठ आवळून भोकाड पसरलं. शेवटी धाकट्या चुलत्यांनी, अण्णांनी, माझी बोटं एकेक करून सोडवली. ते पिवळंधमक नाणं मी या जन्मात विसरणार नाही.

यंदा त्या पट्ट्यात डाळिंब लावायचं म्हणून मी टेप धरला, तर रान दोन गुंठ्यांनी कमी भरलं. पुन्हा मोजलं, तेवढंच कमी. बांधापलीकडे अण्णांचा मुलगा हिंदुराव. त्याचा ऊस नुकताच कारखान्याला गेला होता आणि रान मोकळं पडलं होतं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. अण्णा जाऊन तीस-बत्तीस वर्षं झाली, तरी मी टपरीवर चार माणसांत त्यांना बांधकोऱ्या म्हणालो. हिंदुरावला निरोप धाडला, की रविवारी दगड उचलायचा. कमळाचं नाणं निघालं तर मी तोंड शिवून बसतो. नाही निघालं तर तुझ्या बापाने दगड सरकवला, आणि दोन गुंठे मुकाट मोकळे करायचे.

रविवारी पंच म्हणून भिमानाना आले. वय ऐंशीच्या पुढे, पण नजर शाबूत. हिंदुरावची आई, धोंडाकाकी, काठी टेकत आली आणि बाभळीच्या सावलीला बसली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

बांधाच्या दोन टोकांना दोन दगड आहेत. आम्ही विहिरीजवळचा धरला. पहार घालून मी आणि हिंदुरावने तो आडवा पाडला. खालची माती हाताने उकरली. कोळसा लागला आणि त्यात काहीतरी चकाकलं. हिंदुरावने ते बाहीला पुसलं.

"चार आणं हायत की वो, आबा."

स्टीलचं, गेंड्याचं नाणं. साल अठ्ठ्याऐंशी. सरकारने ते बंद केलं त्यालाही आता बरीच वर्षं झाली. दुकानात त्याला कुणी कवडी देणार नाही, पण मला तेव्हा ते लाखाचं वाटलं.

"सरकवला!" मी ओरडलो. "अठ्ठ्याऐंशीच्या फुडं सरकवला. माझं खरं निघालं का न्हाई?"

हिंदुरावचं तोंड उतरलं. "आबा, मला खरंच ठाव न्हाय. आईची आन."

भिमानाना म्हणाले, मग मूळ जागा काढा. कमी पडलेल्या दोन गुंठ्यांचा हिशोब करून मी दगडाच्या खड्ड्यापासून टेप धरला. अकरा फूट पलीकडे, हिंदुरावच्या रानात, हिंदुरावनेच टिकाव मारला. दोन हातांवर काळी रेघ दिसली. कोळसा! आणि कोळशात एक हिरवं-काळं पडलेलं नाणं. मी ते मातीवर घासघास घासलं. पाकळ्या दिसल्या.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. पण त्याबरोबर जीभही सुटली. मेलेल्या अण्णांना मी जे जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. हिंदुराव मान खाली घालून ऐकत होता. बाभळीखाली काकी बसली होती, तिचंही भान मला राहिलं नाही.

भिमानाना चार आण्यांचं नाणं बोटांत फिरवत होते. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा ते म्हणाले, "आबासाहेब, एक सांगा. चोर दगड सरकवताना नाणं पुरतो व्हय? आपण कवा चोरी केली ते साल चोर कशाला ठिवून जाईल?"

हातातला टेप मी खाली ठेवला.

खरंच की. ज्याने दगड हलवला त्याने रीत पाळली होती. कोळसा घातला होता, चालू नाणं टाकलं होतं. म्हणजे दोन्ही भाऊ हजर असणार. म्हणजे तात्यांनी स्वतः हा दगड आपल्या रानात अकरा फूट आत आणून बसवला? वीतभर बांधासाठी सख्ख्या मेव्हण्याशी बोलणं टाकणारे तात्या? मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा घोडा, त्याच घरात जेवत होतो, आणि मला पत्ता नाही? तात्यांना जुगार नाही, दारू नाही, अण्णांचं देणं नाही. मी पुन्हा टेप धरला, जणू आकडा बदलला तर उलगडा होईल. आकडा तोच.

शेवटी काकीकडे गेलो. "काकी, तात्यांनी रान दिलं का अण्णाला?"

"दिलं."

"कशापायी?"

काकीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्या साली आमचा ऊस जळाला व्हता. आठवतंय का बघ." आणि ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही, नुसतीच.

मला आठवायची गरज नव्हती. गावाला माहीत आहे ते असं, की एकोणनव्वदच्या वैशाखात विजेच्या तारेची ठिणगी पडून अण्णांचा एकरभर कोवळा ऊस जळाला. ते खोटं आहे. त्या दिवशी तात्या बाजाराला जाताना बजावून गेले होते, वारं सुटलंय, तोडलेल्या उसाचं पाचट पेटवू नको. मला निमगावला दोस्ताकडे जायची घाई. मी आमच्या खोडव्यातलं पाचट पेटवलं आणि सायकलवर टांग मारून निघून गेलो. संध्याकाळी आलो तर बांधापलीकडे सगळं काळंभोर, आणि अण्णा डोक्याला हात लावून बसलेले. कुणीतरी तार म्हणालं. मीही तार म्हणालो. पुढे इतकी वर्षं तेच म्हणत आलो. बायकोलाही सांगितलं नाही.

म्हणजे तात्यांना कळलं होतं. कसं कळलं? कुणी बघितलं? की मीच चेहऱ्यावरून सापडलो? त्यांनी मला एका शब्दाने विचारलं नाही. दोन गुंठे कमी झालेलं रान ते मरेपर्यंत माझ्याच जोडीने कसत राहिले, आणि मी कधी वाकून बांध बघितला नाही. मला लाज वाटत होती, भीतीही वाटत होती, आणि या वयात भीती कसली वाटते तेच कळत नव्हतं.

तेवढ्यात हिंदुराव टिकाव टाकून जवळ आला. "आबा, आई काय सांगायची न्हाय. अन् तात्यांनी का दिलं ते मला ठाव न्हाय. कारण ठाव नसलेलं रान मला पचायचं न्हाय. दगड जुन्या जागंवर ठिवू. न्या तुमचं दोन गुंठं."

"आरं..." मी म्हणालो.

"आज नवं नाणं टाकावं लागंल पर." त्याने खिसे चाचपले. मी माझे चाचपले. भिमानानांच्या कनवटीला तंबाखू आणि शंभराची एक नोट. काकीच्या चंचीत सुपारी. चौघांत मिळून एक रुपयाचं नाणं निघेना. हिंदुरावच्या हातात मोबाईल तेवढा होता. "थांबा, टपरीवरनं रुपया मागून आणतो," म्हणून तो बांधाने चालू लागला.

मी गप्प बसलो असतो तर सगळं माझं होतं. दोन गुंठे, त्यात वीस-बावीस डाळिंबाची झाडं, आणि वर माझं खरं निघालं म्हणून गावात मान. काकी बोलणारी नव्हती. बोलायची असती तर मघाशीच बोलली असती. हिंदुराव बांधाच्या वळणापर्यंत गेला. माझ्या शिव्या खाऊन तो माझ्यासाठीच रुपया आणायला निघाला होता. त्याची पाठ मला बघवेना.

"हिंदुराव, थांब!"

तो वळला.

"तुमचा ऊस तारेनं न्हवता पेटला. मी पेटवला."

"कंचा ऊस?" तो परत आला. त्याला कळलंच नव्हतं. तेव्हा तो नववीत होता. मग मी पहिल्यापासून सांगितलं. वारं, पाचट, सायकल, निमगाव, सगळं. भिमानानांनी मान फिरवली. हिंदुराव एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे बघत राहिला.

काकी गुडघ्यावर हात देऊन उठली. "मालक रान घेत न्हवते रं आबा. तात्या ढसाढसा रडाय लागले म्हणून घेतलं. मालक म्हणाले, पोरगं भ्यालंय. आज ना उद्या आपणहून येऊन सांगंल, मग दगड व्हता तितं परत ठिवू. चार वर्सं सांजच्याला दारात बसायचे. तू यायचास, राम राम करायचास, अन् पावसापाण्याचं बोलून जायचास. शेवटच्या दुखण्यात बी मला इचारायचे, आबा येऊन गेला का."

भिमानानांनी विचारलं, "बोला आबासाहेब. दगड कुठं ठिवायचा?"

हिंदुराव म्हणतो अण्णांच्या शब्दाप्रमाणे पलीकडे जुन्या जागी ठेवू, मी म्हणतो तात्यांनी आणून बसवला तिथेच राहू दे, आणि दोघांनाही आपलं बरोबर आहे असं वाटत नाही. दोन महिने झाले. दगड अजून दोन खड्ड्यांच्या मधे आडवा पडलेला आहे.