उणे वीसमध्ये मुरलेली बाटली

सोळा वर्षं एकाच कोल्ड स्टोरेजमध्ये हाडं गोठवल्यावर ताईच्या वाट्याला मुकादमकी आली, आणि ती अडली कशावर? तर दारूच्या बाटलीवर! जिने जन्मात थेंब तोंडात घेतला नाही, तिने व्हिस्की निवडायची, आणि त्यावरून ती मुकादम व्हायच्या लायकीची आहे की नाही ते ठरायचं. काय बोलावं आता!

तिथला रिवाजच तसा होता. नव्या मुकादमाने स्वतः निवडून एक बाटली आणायची. ती दिवसभर उणे वीसच्या खोलीत, गोठलेल्या वाटाण्याच्या खोक्यांमागे ठेवायची. का, तर म्हणे 'आपल्या थंडीत मुरली पाहिजे'. पाळी सुटली की कपडे बदलायच्या खोलीत सगळ्यांनी एकेक घोट घ्यायचा, आणि पहिला घोट जाणत्यांचा. जाणते म्हणजे टोळीतला सगळ्यांत जुना एक हमाल. जगातलं सगळं त्यांना कळायचं, म्हणून हे नाव. त्यांनी मान डोलावली की माणूस मुकादम. त्यांनी नाक मुरडलं की टोळी त्याचं ऐकत नसे, आणि टोळी ऐकत नाही त्याला साहेब कशाला मुकादम करतो? ताईलाही साहेबाने हेच ऐकवलं, "माणसं मानत असतील तर माझी ना नाही. परवा सकाळी सांगा."

अकरा वर्षांपूर्वी तिच्या मोठ्या भावाने, दादाने, अशीच बाटली आणली होती. जाणत्यांनी घोट घेतला आणि सगळ्यांदेखत फरशीवर थुंकले. "पाणचट! ना वास ना चव!" झालं. मुकादमकी गेली जाणत्यांच्या जावयाकडे आणि दादाचं नाव पडलं 'पाणचट'. कामावर पाणचट, फाटकावर पाणचट. वर्षभरात त्याने नोकरी सोडली. आता घरी बसून पंखे आणि इस्त्र्या दुरुस्त करतो. ती बाटली मात्र त्याने टाकली नाही. यंत्राचं तेल भरून खिडकीत ठेवली आहे. आणि तेव्हापासून दादा कशालाच बरं-वाईट म्हणत नाही. भाजी कशी झाली विचारलं तर म्हणणार, "तू सांग." अरे, जेवतोयस तू!

जावई बदली होऊन गेला म्हणून आता जागा मोकळी झाली होती. आणि पुन्हा जाणते होतेच, नाकाने कांदे सोलायला.

दुसऱ्या दिवशी बाटली न्यायची म्हणून संध्याकाळी ताई दारूच्या दुकानात गेली. दुकानदाराने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एक गुलाबी बाटली पुढे सरकवली.

"बायकांना ही बरी. सरबतासारखी लागते."

"मी वीस-वीस किलोची खोकी उचलते," ताई म्हणाली, "सरबत प्यायला आले नाही. व्हिस्की पाहिजे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. शिकवणार असाल तर शिकवा, नाहीतर मी दुसरं दुकान बघते!"

दुकानदार वरमला. पण माणूस वाईट नव्हता. त्याने चार छोटे पेले मांडले आणि प्रत्येकात बुडाला लागेल एवढीच दारू ओतली. "नवख्याने आधी नाकाने प्यायची," तो म्हणाला. "नाक आत खुपसू नका, जरा लांबूनच घ्या. मग दोन थेंब पाणी, मग एक लहानसा घोट. लगेच गिळू नका, जिभेवर फिरवा."

नाकाचं म्हणाल तर ताईला कुणी शिकवायची गरज नव्हती. मशिनच्या खोलीत अमोनिया गळायला लागला, की भोंग्याच्या आधी तिला कळायचं. ब्रँडीला तिला पिकलेल्या द्राक्षांचा वास आला. रमला जळक्या गुळाचा. तिसऱ्या पेल्यातल्या व्हिस्कीला असा धूर, की ती म्हणाली, "हिला आग विझवलेल्या घराचा वास येतोय." चौथ्याशी मात्र ती थांबली. मध, सालीसकट संत्रं आणि सुताराने नुकताच रंधा मारलेलं लाकूड. घोट घेतला तर छातीत अलगद ऊब उतरली.

"हीच," ती म्हणाली, आणि दुकानदाराने बाटली फिरवून समोर ठेवली.

निळं लेबल, त्यावर हरीण. घरी दादाच्या खिडकीत आहे तीच, तेलाची बाटली!

"बर्फ घालू नका हं," दुकानदार बांधता बांधता म्हणाला. "गारठली की वास मरतो."

"आणि दिवसभर उणे वीसमध्ये ठेवली तर?"

"अहो, मग हिच्यात आणि नळाच्या पाण्यात फरक काय राहिला? असलं कोण करतं?"

ताईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. कोण करतं? पंधरा शहाणी माणसं करतात! वर्षानुवर्षं करतात! स्वतःच्या हाताने दारूचा वास मारायचा, आणि मग आणणाऱ्याच्या नावाने बोंब मारायची. जावयाची बाटली तरी काय वेगळी लागली असणार? पण तिथे मान डोलली, कारण तो जावई होता.

घरी येऊन तिने दादाला बाटली दाखवली. त्याचा चेहराच पडला.

"वेडी आहेस का? हीच नेणार? नको गं. दुसरी ने, महागातली ने. तुझंही माझ्यासारखं करतील."

"करू देत की! बघतेच मी."

सकाळी तिने अर्धी व्हिस्की चहाच्या थर्मासमध्ये ओतली, बाटलीला कागद गुंडाळला आणि रिवाजाप्रमाणे वाटाण्यांमागे नेऊन ठेवली. थर्मास राहिला कपडे बदलायच्या खोलीतल्या तिच्या कपाटात.

पाळी सुटल्यावर सगळे जमले. बाटलीवर पांढरा थर साचला होता. जाणत्यांनी ती हलवून बघितली. "अर्धीच? वाटेतच संपवलीस की काय पोरी?" सगळे हसले.

"आधी घोट तर घ्या," ताई म्हणाली.  आता हसं झालं तर साहेबाकडे जायचं तोंड राहणार नव्हतं, आणि घरी दादाला काय सांगणार होती?

जाणत्यांनी घोट घेतला, गाल फुगवले आणि थुंकले. "पाणचट! भावाची बहीण शोभतेस!"

हशा पिकला. ताईने कपाट उघडलं, थर्मासमधून दुसऱ्या पेल्यात ओतलं, दोन थेंब पाणी टाकलं.

"ही पण आणलीय. हिचं काय ते सांगा."

जाणत्यांनी पेला नाकाशी नेला. भुवया वर गेल्या. घोट घेतला, डोळे मिटले. "वा! हिला म्हणतात व्हिस्की! अगं, ही आधी काढायचीस ना! ती कुठल्या गटारातली उचललीस?"

"त्याच गटारातली." ताईने बाटलीवरचा कागद फाडला. "एकाच बाटलीतली आहे, जाणते. अर्धी तुमच्या थंडीत मुरली, अर्धी माझ्या कपाटात. आणि हे हरीण ओळखलंत का? माझ्या भावाने हीच आणली होती."

"खोटं!" जाणते ओरडले.

टोळीतला फोर्कलिफ्टवाला पुढे आला. त्याने गारठलेल्या बाटलीतली थोडी एका पेल्यात घेतली आणि हात शेकायच्या गरम नळीला पेला टेकवून उभा राहिला. सगळे बघत राहिले. बऱ्याच वेळाने त्याने वास घेतला, पुन्हा घेतला.

"जाणते," तो म्हणाला, "हीच ती."

"पद्धत ती पद्धत," जाणते पुटपुटले.

"पद्धत?" ताईचा आवाज चढला. "दारूची अक्कल नाही तुम्हाला, आणि तुम्ही माणसाची लायकी ठरवली! गाढवाला गुळाची चव काय, म्हणतात ते हेच! एका चांगल्या माणसाला तुम्ही नावाने मारलंत. आणि बाकीचे तुम्ही? जावयाच्या बाटलीलाही वास नव्हता, हे तुम्हालाही कळलं होतं ना? मग मूग गिळून का बसलात?"

 शेवटी फोर्कलिफ्टवाल्याने खुंटीवरची मुकादमाची शिट्टी काढली आणि तिच्या हातात दिली. कुणी नाही म्हणालं नाही. जाणत्यांनी मान डोलावली नाही, पण पेल्यातली उरलेली मात्र संपवली.

ताई घरी आली. जेवायला बसण्याआधी तिने शिट्टी टेबलावर ठेवली, थर्मासमधला तळ दादाच्या पेल्यात ओतला आणि सगळं सांगितलं. दादाने कितीतरी वेळ नुसता वास घेतला.

"दुकानात मला अशीच लागली होती गं," तो म्हणाला. "मग ते थुंकले. वाटलं, आपल्याच जिभेला काही कळत नाही."

तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. अकरा वर्षं! तिने ताट वाढलं. दादाने पहिला घास घेतला, चावला, थांबला.

"भाजीत मीठ कमी आहे," तो म्हणाला.

ताई मीठ आणायला उठली.