दोन हजारावर ठेव

माझ्या नवऱ्याच्या, डेल्मरच्या नजरेत आता मधोमध डाग आहे. दिसतं ते कडेकडेनं. अकरा वर्षं ज्या लढाऊ विमानाची त्यानं देखभाल केली, ते आज शेवटचं उडून आमच्या टूसॉनला, निवृत्त विमानांच्या माळावर येणार होतं.

"फोटोत शेपटीवरचा नंबर आला तरी बास," तो म्हणाला. "कॉकपिटखाली माझं नाव असायचं, आता कुणातरी पोराचं असेल."

तसं नव्हतं. हवाई तळावरच्या पोरांनी शेवटच्या फेरीसाठी त्याचंच नाव पुन्हा रंगवलं होतं. त्यांचा फोन मी घेतला होता. त्याला सांगितलं नव्हतं, दाखवायचं होतं.

त्यासाठी चार महिने हमरस्त्यावरच्या धावत्या ट्रकांमागे कॅमेरा फिरवून सराव केला. ट्रकवाल्यांनी हात केले, एकानं तर लग्नाची मागणी घातली.

कुंपणाशी शिडीवर मी, शेजारच्या शिडीवर वैमानिकांचं बोलणं ऐकायला रेडिओ घेऊन निवृत्त पोस्टमन चुई, खाली पिकअपमध्ये डेल्मर.

आधी आलं एक पंख्याचं जुनं विमान. "शटर हळू कर, एकशे साठवर आण," चुई म्हणाला. "नाहीतर पंखा थांबलेला दिसतो, खेळण्यासारखा. तुमचं विमान येताना परत दोन हजारावर ठेव."

आणलं. छान फिरता पंखा मिळाला. तेवढ्यात चुई ओरडला, "आलं तुमचं!"

विमान डोक्यावरून गेलं, मी बोट दाबूनच ठेवलं. पडद्यावर बघते तर अठ्ठावीस फोटोंत अठ्ठावीस राखाडी फराटे. शटर एकशे साठवरच!

"मिळालं?" डेल्मर.

"नाही. शटर पंख्याच्याच आकड्यावर ठेवून बसले."

"अगं बये! माझ्याच बायकोनं?"

"वळसा घालून उतरेल ते," चुई म्हणाला. "पण इथून नको, तापलेल्या जमिनीच्या झळांनी अक्षरं थरथरतील. धावपट्टीच्या टोकाशी पळ, तिथे अगदी जवळून जातं."

शिडी सोडली. गुडघ्याला चार शिव्या दिल्या आणि पळत सुटले. पळतानाच शटरची चक्री फिरवली: दोन हजार. पुन्हा बघितली. दोन हजार. टोकाशी एका अनोळखी माणसाच्या ट्रकच्या टपावर न विचारता चढले.

"ओ बाई!"

"नंतर भांडा!"

विमान चाकं खाली सोडून आलं. मी ट्रकांसारखीच त्याच्यामागे वळत राहिले; श्वाससुद्धा सोडला नाही.

परतले ती थेट पिकअपमध्ये, डेल्मरशेजारी. मी फोटो इतका मोठा केला की पडद्यावर एकच अक्षर मावलं, आणि कॅमेरा त्याच्या नाकाशी धरला. त्यानं मान तिरकी केली. एक अक्षर. सरकवलं. दुसरं. तिसऱ्यावर त्यानं माझं मनगट धरलं आणि पहिल्यावर परत नेलं. मग पुन्हा सगळी, शेवटपर्यंत.

त्यानं बोट टेकवलं शेवटच्या अक्षराखालच्या तेलाच्या काळ्या ओघळावर.

"अजून गळतंय," तो म्हणाला. "नोकरी सोडताना सांगून आलो होतो मी त्यांना."