दोनच दिवे

बिस्विकने दोन्ही हातांत एकेक बॅटरी घेतली आणि डोळे मिटले. मग हात बदलून त्या पुन्हा तोलल्या.

"काका, बटाटे नाहीत ते," काउंटरपलीकडून जाफाली म्हणाला. दुकान त्याचेच होते. "वर लिहिलंय ना सगळं. दोन्ही वीस अँपिअरच्या आहेत."

"लिहायला काय, माझ्या छातीवरही कुणी लिहील, वय वर्षं पंचवीस." बिस्विकने डोळे उघडून एक बॅटरी त्याच्यापुढे सरकवली. "दोन्ही लिथियमच्या, आकारही एकच. मग ही निम्म्या वजनाची कशी? आत हवा भरलीय?"

शेजारी नासिलिना पाठीवर बाळ बांधून उभी होती. तिला हसू आले, पण तिने ते ओठांतच दाबले. मुलांजे डोंगराच्या पायथ्याच्या गावापासून लिंबे शहरापर्यंत, दोन तास मिनीबसमध्ये, काका एक शब्द बोलला नव्हता. आता बोलतोय तर बोलू दे, असे तिला वाटले.

जाफालीने हलकी बॅटरी उचलून खालच्या फळीवर ठेवली. "लोक आकडा बघून घेतात, काका. मी तरी काय करू?"

"मीही आकडा बघूनच दिवे घेतले होते," बिस्विक म्हणाला. "गेल्या वेळी."

ती गेली वेळ गावात सगळ्यांना ठाऊक होती. बिस्विक बाजारात आंब्याखाली बसून रेडिओ दुरुस्त करी. साठीला आलेला, हाताला हुशार माणूस. गावच्या आरोग्य केंद्रात नववा महिना लागलेल्या बायका लांबून येऊन राहत. त्यांच्या मुक्कामाच्या खोलीपासून संडासापर्यंतची वाट दगडी पायऱ्यांची होती आणि अंधारी होती. महिला मंडळाने अननस विकून पैसे साठवले आणि दिवे निवडायचे काम बिस्विकवर सोपवले. त्याने तीन दिवे आणले. डोक्यावर पॅनेल, पोटात बॅटरी, सगळे एकातच. ऑक्टोबरच्या कडकडीत उन्हात ते असे लागले की बायकांनी त्यांच्याखाली नाच केला.

जूनमध्ये चिपेरोनी आली. मोझांबिककडून येणारा हा गार वारा झिमझिम पाऊस घेऊन बसतो आणि डोंगर चार-चार, पाच-पाच दिवस दिसत नाही. दिवे पहिल्या रात्री मंद झाले, दुसऱ्या रात्री मिणमिणले आणि तिसऱ्या दिवशी लागलेच नाहीत. त्या संध्याकाळी पायऱ्या उतरताना घसरून पडली ती नासिलिना. पोट वाचवायला तिने हात पुढे केला आणि तो मोडला. पहाटे मुलगी झाली, सुखरूप झाली. हात मात्र जरा वाकडाच जुळला.

तेव्हापासून दोन दिवसांत मोडणाऱ्या कुठल्याही गोष्टीला गावात 'बिस्विकचा दिवा' म्हणू लागले. सायकलचा ब्रेक बिस्विकचा दिवा, रुसून निघून गेलेला जावईही बिस्विकचा दिवा. बिस्विकही त्यांच्याबरोबर हसे. पण त्यानंतर मलेरियाने फणफणला तरी तो गोळ्या आणायला केंद्रात गेला नाही. दोन मैल पलीकडच्या दुकानातून आणल्या.

आठवड्यापूर्वी नासिलिना त्याच्या आंब्याखाली येऊन उभी राहिली.

"काका, लिंबेला यायचंय माझ्याबरोबर. दिवे आणायला."

बिस्विक एका रेडिओचा स्क्रू काढत होता. त्याने मान वर केली नाही. "दुसरं कुणी मिळालं नाही?"

"मिळाला की. एव्हलेस मावशींचा भाचा. तो म्हणतो, बाजारात सगळ्यात झगझगीत असतील ते घेऊ." तिने पाठीवरची मुलगी सावरली. "मी विचारलं, चौथ्या दिवशी काय? तर म्हणाला, कसला चौथा दिवस?"

बिस्विकने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

आता जाफालीच्या दुकानाबाहेर, उन्हात, तो पॅनेल एकेक करून उभे करत होता आणि मीटरच्या तारा लावून काटा बघत होता. चाळीस वॅटचे म्हणून दिलेल्या एका पॅनेलवर काटा निम्म्यातच थांबला; ते त्याने लगेच परत केले. दुसऱ्यावर त्याने तळहात धरला. एवढीशी सावली पडली, तरी काटा धप्पकन खाली आला.

"बघितलंस?" तो नासिलिनाला म्हणाला. "एवढ्यानं. आणि मी मागच्या वेळी दिवा कुठं लावला होता? झाडाखाली."

"पायऱ्या झाडाखालीच आहेत, काका. दिवा दुसरीकडे कसा लावणार?"

"दिवा तिथंच. पॅनेल वेगळं. ते छपरावर उन्हात बसेल, तार ओढून दिवा खाली." तो उकिडवा बसला आणि बोटाने मातीत रेघा मारू लागला. "हे बघ. दिवा एका रात्रीत इतकं पितो. ऊन नसलं तरी चार रात्री पाजायचं, तर बॅटरीत चौपट साठा हवा. आणि पाचव्या दिवशी दोन तास ऊन पडलं, तर तेवढ्यात पोट भरता आलं पाहिजे. म्हणून पॅनेल मोठं."

जाफाली दाराशी येऊन ऐकत होता. "काका, अशा मापाचे तीन संच तुमच्या पैशात बसायचे नाहीत. दोन बसतील. साधे घेतलेत तर तीन काय, चार देतो."

बिस्विकची रेघ अर्धवटच राहिली. जागा तीन होत्या. संडासाचे दार, पायऱ्यांचे वळण आणि बाळंतघराचे दार. कुठली अंधारात ठेवायची हे ठरवायचा अधिकार आपला नाही, हे त्याला कळत होते. त्याने नासिलिनाकडे बघितले.

तिची मुलगी जागी होऊन पॅनेलमधल्या आपल्या प्रतिबिंबाकडे हात नेत होती. नासिलिनाने तो हात धरून ठेवला.

"बाळंतघराचं दार राहू दे," ती म्हणाली. "तिथे सिस्टर असते, तिच्याजवळ टॉर्च असतो. तिथवर पोचली की बाई एकटी नसते."

"नक्की?"

"दोनच घ्या, काका. पण विझणारे नकोत."

संध्याकाळी सामान घेऊन ते केंद्राच्या आवारात शिरले तेव्हा मंडळाची अध्यक्ष एव्हलेस मावशी वाट बघत उभी होती. अंगाने आडवी, आवाजाने त्याहून आडवी. तिने आधी खोकी मोजली, मग बिस्विककडे बघितले.

"तीन सांगितले होते."

"दोन आणलेत, मावशी," नासिलिना म्हणाली. "चांगले आणलेत."

"आणि ह्याला बरोबर कुणी न्यायला सांगितलं होतं? मंडळात ठरलं होतं ना माझ्या भाच्याचं? विसरलीस की कानात काही गेलं?"

डोक्यावरचे पॅनेल उतरवताना बिस्विकचे हात थांबले. मंडळाने आपल्याला बोलावले आहे, असेच तो आठवडाभर धरून चालला होता. त्यासाठी त्याने शर्टाला इस्त्री केली होती. त्याने पॅनेल हळूच भिंतीला टेकवले, मीटर खिशात घातला आणि फाटकाकडे वळला.

"थांबा, काका," नासिलिना म्हणाली. मग मावशीकडे वळून, आवाज न चढवता, "पडले मी होते, मावशी. मंडळ नव्हतं पडलं. माझा ह्यांच्यावर राग असता तर मी ह्यांना नेलं असतं का?"

एव्हलेस मावशीने मागे वळून बघितले. मुक्कामाच्या खोलीतून चार गरोदर बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांतली एक मावशीचीच सून होऊ घातलेली मुलगी होती, तिला कळा यायला अजून पाच-सहा आठवडे होते आणि ती लवकरच येऊन राहिली होती, कारण तिचे गाव फार वर, डोंगरात होते.

"लाव," मावशी शेवटी म्हणाली. "पण चिपेरोनीत विझले ना, तर बिस्विक, तुझा रेडिओ मी नदीत टाकीन. तुझ्यासकट."

दुसऱ्या दिवशी बिस्विकने दिवसभर काहीच लावले नाही. आवारात काठ्या रोवून तो सावल्या बघत बसला. सकाळी पायऱ्यांवरच्या आंब्याची सावली स्वयंपाकघराच्या छपरावर यायची, दुपारी मागे जायची. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडच्या ह्या मुलखात जून म्हणजे हिवाळा; तेव्हा सूर्य उत्तरेकडे आणखी खाली उतरेल आणि सावल्या लांबतील, तेही त्याने धरले. बायका बाहेर बसून मक्याच्या पिठाचा एन्सिमा घोटत होत्या. "काका काठ्या पेरतायत, दिवे उगवतील," असे म्हणून त्या खिदळल्या. तिसऱ्या दिवशी त्याने स्वयंपाकघराच्या उत्तरेच्या टोकाला दोन्ही पॅनेले चढवली आणि एवढी तिरकी केली की वर पडलेले पान आपोआप घसरेल. बॅटऱ्या पेटीत घालून भिंतीवर, पावसाबाहेर. रात्री नऊनंतर दिवे आपोआप मंद होतील, अशी त्याने जोडणी केली. सिस्टरने विचारले तेव्हा म्हणाला, "पाय कुठे पडतो तेवढं दिसलं की पुरे. सुई ओवायची नाहीय."

मग जून आला, आणि एका दुपारी डोंगर नाहीसा झाला.

पहिल्या दिवशी बिस्विक आंब्याखाली बसला, पण गिऱ्हाईक नव्हते. दुसऱ्या दिवशी घरीच बसला. तिसऱ्या दिवशी बायकोने विचारले, "जाऊन बघत का नाही?" तो म्हणाला, "बघून काय उजेड वाढणार आहे?" आणि चुलीत लाकूड सारत राहिला. नासिलिना येऊन काही सांगेल असे त्याला वाटत होते. ती आली नाही. ह्याचा अर्थ चांगलाही होता आणि वाईटही.

चौथ्या संध्याकाळी त्याने पोत्याची खोळ डोक्यावर घेतली आणि निघाला. झिमझिम चालूच होती. चिखलातून जाताना तो पायांकडे बघत होता. आरोग्य केंद्राचे फाटक ओलांडले तरी त्याने मान वर केली नाही. मग पुढच्या पावलाशी त्याला चिखलात स्वतःच्या पायाची सावली दिसली.

तो थांबला. पायऱ्यांच्या वळणावर दिवा लागलेला होता. खाली संडासाच्या दाराशीही होता. ओल्या दगडांच्या कडा एकेक करून मोजता आल्या असत्या. एक बाई पोटाला हात लावून, घाई न करता, वर चढत होती.

मुक्कामाच्या खोलीच्या पडवीत, जिथवर उजेड पोचत होता तिथे, एव्हलेस मावशी सुपात तुरी निवडत बसली होती. भाच्याचे म्हणणे बरोबर होते की बिस्विकचे, ह्याबद्दल ती काही बोलली नाही.

"उजेड कमी आहे," ती म्हणाली. "खडे नीट दिसत नाहीत."

"नऊनंतर आणखी कमी होतो, मावशी."

"ते माहीत आहे मला. चार दिवस इथंच आहे मी. सुनेला कळा सुरू झाल्यात, सिस्टर आत आहे." तिने एक खडा उचलून पडवीबाहेर फेकला. मग सूप जरा बाजूला सारले, आणि बाकावर एका माणसापुरती जागा झाली. "पाणी ठिबकतंय तुझ्यावर. बस."

बिस्विकने खोळ उतरवली आणि बसला. बाळंतघराच्या दिशेने कुणाचा तरी दबका आवाज आला, मग सिस्टरचा, मग पुन्हा शांतता. मावशीचा हात तुरींवर थांबला होता. थोड्या वेळाने तो पुन्हा चालू लागला.

"शाळेच्या बोअरवेलपाशी पोरी अंधारात पाणी भरतात," ती म्हणाली. "मंडळात परवा विषय निघाला."

बिस्विकने ओली खोळ पिळली. "तिथे सावली कुणीकडून पडते?"

"मला काय ठाऊक? तुझं काम ते."

"उद्या सकाळी जाऊन बघतो."

एव्हलेस मावशीने पहिल्यांदाच त्याच्याकडे वळून बघितले, मग आभाळाकडे.

"उद्या कशाला? ह्या ढगांत सावली दिसणार आहे का तुला?" ती म्हणाली. "ऊन पडू दे. मग काठ्या घेऊन ये."